कावळ्यासाठी पाऊण तास

या सहलीचं नाव नीरजानं 'निवांत युरोप' ठेवलं होतं. अनंतरावांनी त्या नावाखाली वेळापत्रक लिहिलं. ऑस्ट्रियातल्या या डोंगराळ गावापुढे नोंद होती: आगमन साडेअकरा, मंदाकिनीच्या वर्षश्राद्धाचं पान, जेवण, प्रस्थान सव्वाबारा.

"पाऊण तासात सगळं?" गाडी लावता लावता नीरजानं विचारलं.

"कावळ्याला खायला कितीसा वेळ लागतो?" अनंतराव म्हणाले. "आणि इकडची माणसं वेळ पाळतात. कावळेही पाळत असतील."

नीरजानं सकाळीच मुक्कामाच्या खोलीत वरणभात, खीर आणि वडे करून डब्यात भरले होते, आईच्या वहीत बघून, आईच्याच प्रमाणानं. गावच्या चौकात, कारंज्याच्या कठड्यावर कागदी बशीत पान वाढलं. समोर चर्चच्या छपरावर दोन कावळे बसले होते. त्यांनी पानाकडे पाहिलं आणि नारायण पेठेतल्या दुकानदारानं गिऱ्हाइकाकडून फिरवावं तसं तोंड फिरवलं.

वीस मिनिटं गेली. कावळा शिवल्याशिवाय अनंतराव जेवणार नव्हते, आणि साखरेची गोळी तर वेळापत्रकाप्रमाणे घेऊन झाली होती.

"तिचं काहीतरी राहिलंय," ते म्हणाले आणि छपराकडे बघून त्यांनी हात जोडले. "मंदा, तुझ्या कुंड्यांना मी रोज पाणी घालीन."

कावळा हलला नाही.

"कुसुमला फोन करीन. मी स्वतः." कुसुम ही मंदाकिनीबाईंची धाकटी बहीण. तिच्याशी अनंतराव अकरा वर्षं बोलत नव्हते. कावळ्यानं पंखाखाली चोच घालून खाजवलं.

"बाबा, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. इथे मराठी कुणाला कळतंय?"

"मग कावळ्याला तरी कुठे कळत असेल?"

"त्याला कशाला कळायला हवं? तिला कळतंय."

तेवढ्यात नगरपालिकेचा एक धिप्पाड कर्मचारी आला आणि त्यानं खांबावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर पक्षी होता आणि पक्ष्यावर तांबडी फुली. अनंतराव पुण्याचे, म्हणजे पाट्यांच्या गावचे; ते जागच्या जागी वरमले. नीरजानं इंग्रजीत समजावलं: आईला जाऊन आज वर्ष झालं, वडील एका काळ्या पक्ष्याची वाट बघतायत, तो आल्याशिवाय जेवणार नाहीत.

त्या माणसाचे डोळे पाणावले. नीरजाच्या खांद्यावर हात ठेवून तो लगबगीनं निघून गेला.

"बघितलंस? समजूतदार माणूस," अनंतराव म्हणाले.

समजूतदार माणसाची समजूत अशी झाली होती, की बाईंचा पाळलेला काळा पक्षी उडून गेलाय आणि म्हातारा त्याच्यासाठी उपाशी बसलाय. दहा मिनिटांत बेकरीवाली रिकामा पिंजरा घेऊन आली. दोन पेन्शनर मासे पकडायची जाळी घेऊन आले. अग्निशामक दलाची शिडी आली. शिडीवाल्यानं अनंतरावांना काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय हा?"

"नाव विचारतोय."

पान कुणाचं हे विचारतोय, असं वाटून अनंतरावांनी आदरानं सांगितलं, "मंदाकिनी."

मग सगळा चौक छपरांकडे तोंडं करून हाका मारू लागला. "मां-डा-किनी! मां-डा-किनी!" बेकरीवालीनं तर शीळही घातली. दोन्ही कावळे उडाले ते थेट डोंगरापलीकडे गेले.

साडेबारा वाजले. साखर उतरू लागली तसे अनंतराव कठड्याला धरून बसले.

"बाबा, आता तरी खाऊन घ्या."

"नाही. सगळ्या गावानं हाका मारल्या तरी ती आली नाही. माझ्यावर नाराज आहे ती."

शोधून दमलेला नगरपालिकेचा माणूस येऊन कठड्यावर टेकला. पुढ्यात वाढलेली बशी बघून त्याला वाटलं, आभारादाखल आपल्यासाठीच ठेवलीय. त्यानं वडा खाल्ला. अनंतराव "अहो, अहो" म्हणेपर्यंत दुसराही खाल्ला, खीर बशीला तोंड लावून प्यायला, आणि नीरजाशी काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?"

"फार छान झालंय म्हणतोय. कुणी शिकवलं, असं विचारतोय."

अनंतरावांनी पुण्याला गुरुजींना फोन लावला. तिकडे चार वाजले होते. गुरुजी नुकते वामकुक्षीतून उठले होते आणि ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं.

"गुरुजी, पानाला माणूस शिवला. चालतं का?"

"शास्त्रात नाही. खाऊन काय म्हणाला?"

"छान झालंय म्हणाला."

"कावळा तेवढं तरी म्हणतो का? जेवून घ्या." फोन बंद झाला.

अनंतरावांनी डब्यातला वडा उचलला. एकेचाळीस वर्षांत मीठ कमी पडलं त्या दिवशी त्यांनी ते न चुकता सांगितलं होतं. बरोबर पडलं त्या दिवशी ते गप्प जेवत, आणि ही शाबासकी मंदाकिनीबाईंपर्यंत पोचते असं धरून चालत. त्यांनी घास चावला. रिकाम्या छपराकडे पाहिलं. घसा साफ केला.

"बरं झालंय," ते मोठ्यानं म्हणाले.

"बाबा, नुसतं 'बरं'?"

"अगं, हळूहळू," अनंतराव म्हणाले. "आत्ताशी एकच वर्ष झालंय."