किती वेळ उघडं होतं?

कुणाचं ऑपरेशन झालं की लोक विचारतात, "आता कसे आहेत?" आमचे भास्करकाका विचारतात, "किती वेळ उघडं होतं?"

काका ओझरच्या विमान कारखान्यातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. सिडकोत आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहतात; काकू आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या. इंजिन जितका वेळ उघडं, तितकं ते परत नीट चालायला उशीर, असा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी मिक्सरपासून माणसांपर्यंत सगळ्यांना लावला. आमचा मिक्सर दुरुस्त होऊन आला तेव्हा म्हणाले, "लय वेळ खोलून ठेवला असंल तर आज चटणी वाटू नका. बसू द्या त्याला जरा." समोरच्या कुलकर्णीबाईंची दाढ काढली, तर डॉक्टरला किती वेळ लागला ते विचारून काकांनीच त्यांचे खिचडीचे दिवस ठरवून टाकले. बाईंनी दुसऱ्याच दिवशी चिवडा खाल्ला. काकांनी आठवडाभर अबोला धरला.

आजारी माणसाला भेटायला काकांना नेऊ नये, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बायपास करून आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "सकाळी आत नेलं ते दुपार टळल्यावर काढलं म्हणता? मग दिवाळी विसरा. एकदम संक्रांत." गृहस्थ खरोखरच संक्रांतीच्या सुमारास हिंडूफिरू लागले. काकांनी त्याचं श्रेय घेतलं, आणि गृहस्थांच्या बायकोने काकांना तिळगूळ काही दिला नाही.

मग माझ्या थोरल्या भावावर पाळी आली. दादाच्या हृदयाची झडप बदलायची होती, बायपासही करायची होती. काका न बोलावता हॉस्पिटलात हजर. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ टळून गेली, वहिनी दाराकडे डोळे लावून बसली, आणि मी काकांकडे डोळे वटारून. पण ते चक्क गप्प होते. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं.

दादा बाहेर आला, पण शुद्धीवर येईना. व्हेंटिलेटर निघेना. दिवसामागून दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लांबलं, हृदय बराच वेळ मशीनवर होतं. अशा पेशंटना सावरायला वेळ लागतो. पण नुसत्या वेळेवरून काही सांगता येत नाही. वय आहे, किडनी आहे, शुगर आहे. काही उशिरा उठतात, काही उठतच नाहीत. थांबून बघावं लागेल."

थांबणं फार वाईट असतं. शेवटी गावाकडून आलेले मामा म्हणाले, "कशाला हाल करता त्याचे? घरी घेऊन चला. आपल्या माणसांत जाऊ दे." आमच्याकडे हे असंच म्हणतात. मग घरच्यांनी आपल्या जबाबदारीवर सही करायची, आणि अँब्युलन्स माणसाला घेऊन घराकडे निघते. वहिनी रडून रडून संपली होती. तिने पेन हातात घेतलं.

"सही करू नको, पोरी," काका म्हणाले. "लय वेळ उघडं होतं त्याचं. सावरायलाबी लय वेळ लागणार. अजून उशीर झालेला नाय."

"तुम्ही डॉक्टर का?" मामांनी विचारलं.

"नाय. पण थांबा."

वहिनीने पेन खाली ठेवलं. मला काकांचा भयंकर राग आला. मिक्सरचा न्याय माझ्या भावाला लावत होते, आणि आम्ही त्यावर आशा धरायची.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी दादाने डोळे उघडले. वहिनीला ओळखलं. ती म्हणाली, आधी काकांना सांगून ये. मला वाटलं, आता हे गल्लीभर मिरवणार. काका ऐकून दाराच्या पायरीवरच बसले.

"बोलला का?"

"नळी आहे अजून. पण हात धरतो."

"हात धरतो," ते म्हणाले. "तुझ्या काकूचंबी हेच ऑपरेशन. तेबी लांबलं होतं. डॉक्टर म्हणत होते, थांबा. घरचे म्हणाले, गावी सायखेड्याला न्या, गोदाकाठी जाऊ दे तिला. मी सही केली."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"वाटेत चांदोरीच्या अलीकडं तिनं माझं बोट धरलं. मी ड्रायव्हरला काय बोललो नाय. गाडीचा धक्का असंल, म्हटलं. मागं फिरवली नाय."

मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. प्रत्येकाचं वेगळं असतं, कितीही थांबलं तरी काहीजण उठत नाहीत. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुझ्या डॉक्टरला एक विचारशील? माणसानं बोट धरलं का गाडीचा धक्का बसला, हे वळखता येतं का?"

विचारतो म्हणालो. दादा आता काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. दर तपासणीला मी त्या डॉक्टरांसमोर बसतो, आणि न विचारता परत येतो. काका रोज दारात भेटतात. दादा जेवला का, एवढंच विचारतात.