गेनू साळिंदराच्या सत्तावीस फायली

एका जंगलात फ्लेक्सचं ऑफिस होतं. हसू नका रे. जंगल म्हटलं की सिंह आला. सिंह आला की त्याचा वाढदिवस आला. वाढदिवसाला फ्लेक्स नको? आणि फ्लेक्स काय दगडावर करणार? म्हणून कॉम्प्युटर आला. आता गप ऐका.

त्या ऑफिसात दोन डिझायनर होते. एक गेनू साळिंदर, दुसरा हुप्प्या माकड. दोघांचा साहेब कोल्हा. कोल्ह्याला कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता. म्हणून तो साहेब होता.

गेनू फार शहाणा. तुमच्यासारखा नाही. दर पाच मिनिटांनी फाइल सेव्ह करायचा. एवढासा बदल केला तरी नवी फाइल. फाइलीच्या नावात तारीख आणि नंबर. जुनी फाइल कधी पुसायचा नाही. वर आणखी सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन गळ्यात अडकवायचा.

हुप्प्याच्या फायलींची नावं अशी : 'नवीन', 'नवीन नवीन', 'हीच', 'ही नाही'. त्याची फाइल त्यालाच सापडायची नाही.

"हुप्प्या, सेव्ह कर लेका," गेनू म्हणायचा. "लाइट गेली तर काय करशील?"

"घरी जाईन," हुप्प्या म्हणायचा.

तर गेनूचं लग्न ठरलं. पोरगी पलीकडच्या डोंगरातल्या भिवा साळिंदराची ठकू. तिनं चार स्थळं नाकारली होती. गेनूला पाहून म्हणाली, "हा चालेल. ह्याचे काटे ओळीनं आहेत." गेनू महिनाभर हवेत होता.

मुहूर्त संध्याकाळचा, गोरज. आणि दुसऱ्या दिवशी सिंहाचा वाढदिवस. पण गेनूनं फ्लेक्स आठ दिवस आधीच करून ठेवला होता. सिंहानं पाहिला होता. "छान," म्हणाला होता. काळजीच नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी कोल्हा मांडवात आला.

"गेनूबाळा, पाच मिनिटांचं काम आहे."

"साहेब, हळद लागलीय. आता मला वेशीबाहेर जाता येत नाही."

"ऑफिस वेशीच्या आतच आहे. मी मोजून आलोय."

गेनू तसाच गेला. हळदीच्या अंगानं खुर्चीत बसला. की-बोर्ड पिवळा झाला.

सिंहाला फोटो मोठा हवा होता. गेनूनं मोठा केला. नंबर दोन. कोल्हा गुहेत दाखवून आला. आता फोटो मोठा, पण महाराज म्हातारे दिसतात. आयाळ काळी केली. नंबर तीन. मग खाली शुभेच्छुकांचे फोटो असतात ना बारके बारके, तिथं भांडण लागलं. लांडगा म्हणाला, माझा फोटो तरसापेक्षा बोटभर तरी मोठा पाहिजे. तेवढा केला. मग तरस रुसलं. त्याला गॉगल घातला. मग सगळ्यांनाच गॉगल पाहिजे झाला. नंबर चौदा.

"साहेब, ऊन उतरलं," गेनू म्हणाला.

"उतरू दे. ऑफिसात सावलीच आहे."

शेजारी हुप्प्या सिंहिणीच्या हळदीकुंकवाचा बोर्ड करत होता. कोल्ह्यानं निरोप आणला, "राणीसाहेबांना किनार बदलून पाहिजे."

"साहेब, गेली," हुप्प्या म्हणाला.

"कोण गेली?"

"फाइल. मगाशी लाइट गेली ना, तिच्याबरोबर. छापायला धाडलंय तेवढंच उरलंय. बदल पाहिजे असेल तर पहिल्यापासून करतो. चार दिवस द्या."

कोल्हा गुहेत जाऊन आला. "राणीसाहेब म्हणतात, आहे तेच छान आहे."

हुप्प्या उठला. नवा सदरा घातला. गेनूला म्हणाला, "दादा, मी पुढं होतो. तुझ्या लग्नाला कुणीतरी वेळेवर पाहिजे." आणि गेला. पहिल्या पंगतीला बसला म्हणे.

इकडं नंबर सव्वीस झाला. लांबून वाजंत्री ऐकू येत होती. कोल्हा धावत आला.

"गेनू, झालं! महाराज एकदम खूश. फक्त विचारतायत, पहिला होता तो कसा होता? तो असेल का आता?"

बघा पोरांनो. नुसतं "नाही" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. "गेली साहेब" म्हटलं असतं तरी चाललं असतं. वाजंत्री वाजतच होती. गेनूनं तोंड उघडलं. पण सहा वर्षं त्यानं एक फाइल हरवली नव्हती. आणि आजपर्यंत एकानंही त्याला जुनी फाइल मागितली नव्हती.

"आहे की साहेब," तो म्हणाला. छाती पुढं काढून. "तारखेसकट आहे."

मग काय! सिंहानं पहिला पाहिला. म्हणाला, ह्यातला फोटो घ्या, नवव्यातला रंग घ्या, सतराव्यातली आयाळ घ्या, सगळं एकत्र करा. सगळं होतंच. गेनूनं एकत्र केलं. नंबर सत्तावीस. सेव्ह केलं. नक्कल घेतली. पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून उठला, तर दारात भिवा साळिंदर उभा. धापा टाकत.

"मामा, निघालोच होतो! चला!"

"बस, बस," भिवा म्हणाला. "मुहूर्त थांबत नाही रे बाबा. माझ्या बहिणीचा रंगा होता वऱ्हाडात. त्याला उभा केला. अक्षता पडल्या."

गेनू बसला. वाजंत्री थांबली होती. त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"ठकू काय म्हणाली?"

"म्हणाली, हा निदान समोर आहे."

कोल्ह्यानं घड्याळात पाहिलं. त्याच्याकडं घड्याळ नव्हतं, पण त्यानं पाहिलं.

"मग तुम्ही कशाला आलात, मामा?"

भिवानं पागोटं काढून हातात घेतलं. "तसं वाईट वाटतं सांगायला. पण मांडवाच्या दारावर तुमच्या ऑफिसचाच बोर्ड आहे. 'ठकू आणि गेनू'. जेवायला येणारा जाणारा हसतोय. रंगा तोंड लपवून बसलाय. ते माकड म्हणालं, तुझ्याकडं फाइल असणारच."

"असेल ना रे गेनू?" कोल्हा म्हणाला.

होती. शोधावी पण लागली नाही. गेनूनं 'गेनू' खोडलं आणि 'रंगा' लिहिलं. दोन्ही नावं दोन अक्षरांची. फुलं हलवावी लागली नाहीत, गणपती हलवावा लागला नाही.

"एवढ्यात झालं?" भिवा म्हणाला. "गुणाचा आहेस हो पोरा."

गेनूनं सेव्ह केलं. नंबर दोन.

तात्पर्य : बाळांनो, फाइल नेहमी सेव्ह करावी, नीट नाव द्यावं, नक्कल जपून ठेवावी. म्हणजे आपल्या जागी दुसऱ्याचं नाव घालायला कुणाचा वेळ जात नाही.