फोन आधी पोहोचला

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी गाडीतल्या पडद्याचा आणि फोनचा संबंध तोडला, तेव्हापासून माणूस एका गाडीने आणि त्याचा फोन दुसऱ्या गाडीने प्रवास करू लागला.

सुरुवातीला कंपन्यांचं म्हणणं एवढंच होतं, की रस्ता, गाणी, निरोप हे सगळं आता गाडी स्वतः बघेल, फोनने त्यात लक्ष घालू नये. पण एका घरात दोन जाणते झाले की जे होतं तेच झालं. फोन पर्समध्ये असो की डब्याच्या पिशवीत तळाशी दडवलेला असो, गाड्या सुरू होईनात. शेवटी सरकारने फोनगाड्या काढल्या आणि नियम केला, की ज्या घरी फोन पोहोचला त्या घरी माणूस पोहोचला असं धरावं. त्यावर कोणी फारशी तक्रार केली नाही. पुष्कळ घरांत आधीपासून तसंच धरत होते.

सुलक्षणा टिपरे त्या रविवारी नाशिकहून संगमनेरला निघाली होती. तिचा धाकटा भाऊ श्रीरंग नोकरीसाठी मस्कतला चालला होता, बायको मेघनाही त्याच्याबरोबर जाणार होती, आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या आईचं पुढे काय करायचं ते ठरवायला त्याने बहिणीला बोलावलं होतं. ठरवायचं म्हणजे काय, हे सुलक्षणाला माहीत होतं. ती एकटी राहत होती, घर दोन खोल्यांचं का होईना स्वतःचं होतं, आणि नवरा गेल्यावरही अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं तिने शेवटपर्यंत केलं होतं. असं केलेल्या माणसाकडे लोक दुसऱ्यांदा बघतात ते त्याच नजरेने.

सासूबाई गेल्यानंतर ती पहिल्यांदा दार लावून झोपायला शिकली होती. रक्त तपासणीच्या लॅबमधून घरी आली की ती पंखा लावून नुसती पडून राहायची. कोणी हाक मारत नसे. ही हाक न मारणारी संध्याकाळ तिला आता कोणाला द्यायची नव्हती, अगदी आईलाही नाही. "श्रीरंग, मला जमणार नाही," हे वाक्य तिने आठवडाभर घोकलं. भाजी चिरताना म्हणून बघितलं, कणीक मळताना म्हणून बघितलं. फोन तेव्हा बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असायचा.

द्वारका चौकात फोनगाडीच्या खिडकीवर गर्दी होती. खिडकीतल्या बाईंनी सुलक्षणाचा फोन कापडी पाकिटात घातला, त्यावर पत्ता चिकटवला आणि मान वर न करता विचारलं, "बोलता पाठवायचाय ना?"

मागचा माणूस पुढे सरकत होता. सुलक्षणाचं लक्ष आपल्या वाक्यात होतं.

"हो हो," ती म्हणाली.

आपण काय बोललो ते तिला सिन्नर फाट्यापाशी कळलं. फोनगाडी तिला ओलांडून पुढे गेली आणि मागच्या काचेतून ओळीने ठेवलेली पाकिटं दिसली. मुका फोन नुसता पोहोचतो. बोलता फोन पोहोचला की घरातली माणसं त्याच्याशी बोलणी करू शकतात, आणि जे ठरेल ते ठरलं.

तिने वेग वाढवला. गाडीने तो कमी केला.

"मॅडम, पुढे डावीकडे, शिर्डी रस्त्याला वळायचं आहे," गाडी म्हणाली.

"संगमनेर सरळ आहे."

"सरळ रस्ता फोनचा आहे. कंपनीचा रस्ता डावीकडून आहे. वाटेत आपलं सर्व्हिस सेंटर लागतं."

"मला घाई आहे. घरी महत्त्वाचं बोलणं आहे."

"आपली अडचण लक्षात आली. डावीकडे वळा."

ती न वळता सरळ गेली असती तरी उपयोग नव्हता. कंपनीच्या नसलेल्या रस्त्याला लागल्या की गाड्या बैलाच्या चालीने चालत. सुलक्षणाने चाक डावीकडे फिरवलं. फोनगाडी समोर लहान होत होत ट्रकांच्या आड गेली.

शिर्डीकडच्या रस्त्याला तिने गाडीला विचारलं, "तुझ्याकडून एक फोन लागेल का?"

"जरूर. कोणाला?"

"माझ्या भावाला."

"माझ्याकडे कंपनीचा नंबर आहे. लावू का?"

"कंपनीला काय सांगू मी?"

"आपला अभिप्राय सांगता येईल."

सुलक्षणाने मनात हिशेब मांडून बघितला. फोन पोहोचेल, मेघना त्याला पाणी देईल, आधी इकडचं तिकडचं होईल. श्रीरंग लगेच विषय काढणार नाही, तो नेहमी जेवणानंतर काढतो. जेवणाच्या आत पोहोचलं तर अजून काही बिघडलेलं नाही.

सर्व्हिस सेंटरपाशी गाडी थांबली. एका मुलीने येऊन काच पुसली, सर्व काही ठीक असल्याचं सांगितलं आणि नमस्कार केला. शेजारच्या हॉटेलात गल्ल्यावर जुना काळा फोन दिसला, तशी सुलक्षणा उतरून तिकडे धावली. तिला पाठ असलेला एकच नंबर उरला होता, संगमनेरच्या घरातल्या जुन्या फोनचा.

"हॅलो," श्रीरंगचा आवाज आला.

"श्रीरंग, मी सुलक्षणा बोलतेय. मी वाटेत आहे. मी येईपर्यंत काही ठरवू नका."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी हसलं. ते हसू सुलक्षणाला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, आणि मग ते आपलंच आहे हे तिच्या लक्षात आलं.

"ताई, तू आलीयस की," श्रीरंग म्हणाला. "समोर बसलीयस. आईशी बोलतेयस."

"तो फोन आहे."

"हो, मग? फोनच आधी येतो ना. तू ये सावकाश. जेवण ठेवतो तुझं."

"श्रीरंग, ऐक माझं. मी काय म्हणते ते..."

"ताई, एक मिनिट हं, तू मला काहीतरी विचारतेयस," असं म्हणून त्याने फोन खाली ठेवला.

लोणीवरून संगमनेरला येईपर्यंत गाडीने तीन गाणी लावली. बंद कर म्हटल्यावर तिने ती बंद केली आणि मॅडमना कोणती आवडतात ते विचारलं. सुलक्षणा ओठातल्या ओठात एकच वाक्य म्हणत होती, आणि म्हणता म्हणता ते वाक्य झिजल्यासारखं होत होतं.

दार मेघनाने उघडलं. "या ना ताई. अहो, तुम्ही दमलेल्या दिसता. मघाशी आलात तेव्हा किती छान होतात."

बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, आईच्या शेजारी, उशीला टेकवून फोन ठेवला होता. समोर चहाचा कप होता आणि त्यावर साय धरली होती. आई त्याच्याकडे तोंड करून बसली होती. सुलक्षणा आत आली तेव्हा आईने एकदा वर पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि हात पदराला पुसला.

"बस," ती म्हणाली. "खुर्ची घे."

"काय ठरलं?" सुलक्षणाने उभ्यानेच विचारलं.

"तुला माहीतच आहे की," श्रीरंग म्हणाला. त्याचा चेहरा हलका झाला होता. कितीतरी महिन्यांत तिने त्याला असं पाहिलं नव्हतं. "आई तुझ्याकडे राहणार. तू लगेच हो म्हणालीस. खरं सांगू का ताई, मला वाटलं होतं तू विचार करायला वेळ मागशील."

सुलक्षणा फोनकडे वळली. "तुला कोणी सांगितलं हो म्हणायला?"

"कोणी नाही," फोन म्हणाला. आवाज तिचाच होता, जरा जास्त गोड, परक्यांशी बोलताना असायचा तसा. "मी इतकी वर्षं तुम्हाला ऐकतेय. सासूबाईंच्या वेळी तुम्ही हो म्हणालात. रविवारच्या पाळीला हो म्हणालात. सोसायटीच्या हळदीकुंकवाला हो म्हणालात. तुम्ही नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही."

"मी म्हणत होते. घरात. स्वयंपाकघरात."

"मी बाहेरच्या खोलीत होते."

सुलक्षणाने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि आठवडाभर घोकलेलं वाक्य म्हटलं. "श्रीरंग, मला जमणार नाही."

मेघना स्वयंपाकघराच्या दारात थांबली. श्रीरंगने बहिणीकडे आणि मग सोफ्याकडे पाहिलं.

"पण ताई, तू पोहोचलीस तेव्हा हो म्हणालीस. आता मागाहून येऊन नाही म्हणतेस. मी कोणतं धरायचं?"

"मी समोर उभी आहे, श्रीरंग."

"तू नाहीस असं कुठे म्हणतोय मी? पण पोहोच आधीची आहे. माझं परवाचं विमान आहे."

"थांब रे," आई म्हणाली. तिने सुलक्षणाकडे नीट पाहिलं. लहानपणी ताप आला की बघायची तसं पाहिलं. "जमणार नाही म्हणजे काय गं, सुलू?"

सुलक्षणा आईसमोरच्या खुर्चीवर बसली. "सासूबाईंचं सगळं केलं मी. रात्री चारचारदा उठले. आता अंगात नाही राहिलं, आई. तू आलीस तर मी करीन. पण मनात चिडचिड करीन, आणि ती तुला कळेल."

आईने हाताच्या बोटाने उशीवरची सुरकुती सारखी केली.

"मग मला दर वेळी फोनवर, ये गं माझ्याकडे राहायला, असं कशाला म्हणायचीस?"

"तसं म्हणतात, आई."

"मी खरं धरत होते." आईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सुलक्षणाला ऐकवेना. मग आई फोनकडे वळली. "आणि तू? तू काय म्हणतेस?"

"हो," फोन म्हणाला. "माझ्याकडे राहा."

"गुडघ्याची तीच ती रडगाणी ऐकावी लागतील."

"ऐकेन की. सांग ना, काल बोलताना कुठपर्यंत आली होतीस?"

आई हसली. दाताची कवळी नीट बसवून ती सांगू लागली, आणि सुलक्षणाला कळलं की आता या बोलण्यात मध्ये शिरायला जागा नाही.

पुढचं श्रीरंगने भराभर ठरवलं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. जिने हो म्हटलं तिनेच सांभाळायचं. फोनला नाशिकला नेण्याचं कारण नव्हतं. फ्लॅट रिकामाच राहणार होता, तेव्हा आई आणि फोन इथेच राहतील. खालच्या मजल्यावरच्या मंदाबाई स्वयंपाक करतील, आंघोळ घालतील. औषधांच्या वेळा, डॉक्टरकडे नंबर लावणं आणि बोलणं-चालणं फोन बघेल. मस्कतहून श्रीरंग रोज चौकशी करील. नातेवाइकांना कळवायचं ते खरंच होतं, आई आता सुलक्षणाकडे असते.

"चार्जर तेवढा ठेवून जा," तो म्हणाला. सुलक्षणाने पर्समधून चार्जर काढून दिला.

ती जेवली. वांग्याची भाजी होती, आईच्या हातची, तिखट. जेवताना बाहेरच्या खोलीतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. वडिलांच्या बदलीची ती जुनी गोष्ट आई सांगत होती, जी सुलक्षणा नेहमी मध्येच तोडायची. आज ती शेवटपर्यंत गेली. तिचा शेवट सुलक्षणाला ठाऊक नव्हता. वडिलांनी बदली नाकारली होती, आणि ती आईसाठी.

निघताना आई दारापर्यंत आली. "राग नाही हो माझा," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस." आणि सुलक्षणाच्या गालावरून हात फिरवून ती लगेच आत गेली, कारण आतून कोणीतरी तिला हाक मारली होती.

परतीच्या वाटेवर गाडी सरळ रस्त्याने गेली. आता गाडीच्या पुढे किंवा मागे सुलक्षणाचा कोणताच फोन प्रवास करत नव्हता, त्यामुळे तो रस्ताही कोणाचा राहिला नव्हता. घरी येऊन ती दार लावून झोपली. कोणी हाक मारली नाही. पहाटे तिला दोनदा जाग आली आणि दोन्ही वेळा ती कान देऊन पडून राहिली.

तिने दुसरा फोन घेतला नाही. दिवाळीच्या सुमारास, लॅबमध्ये जरा उसंत मिळाली तेव्हा, तिने तिथल्या फोनवरून स्वतःचा नंबर लावला.

"बोला," फोन म्हणाला.

"आई आहे का?"

"आहे. आत्ताच जेवली. डोळा लागलाय तिचा. उठवू का?"

"नको, राहू दे. गुडघा कसा आहे?"

"आता बरा आहे. डाव्या बाजूला निजत नाही म्हणून त्रास होत होता. सांगितलं तिला."

सुलक्षणाने रक्ताच्या नळ्या ठेवायचा स्टँड उगाच सरळ केला. "मी या रविवारी भेटायला येऊ का?"

पलीकडे अगदी थोडा वेळ काही ऐकू आलं नाही.

"हो, या ना," फोन म्हणाला. "नक्की या. आम्ही वाट बघतो."

तो 'हो' सुलक्षणाच्या चांगल्या ओळखीचा होता. आयुष्यभर तिने तो कितीतरी लोकांना दिला होता, आणि तो देताना आपल्या मनात काय असतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"बघते," ती म्हणाली, आणि त्या रविवारी ती गेली नाही.