तारेखालचा दात

आमच्या स्टाफरूममध्ये चहा आला की सगळे कप उचलतात आणि प्रल्हादभाऊ सोनोने खिशातून लिटमसचा कागद काढतात. निळ्या कागदाचं टोक चहात बुडवायचं, खिडकीशी धरून निरखायचं, मान हलवायची आणि मग कप तोंडाला लावायचा. इतक्या वर्षांत त्यांनी चहाला एकदाही नापास केलेलं नाही, पण म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकत नाही. "कालचा चहा काल होता, सर," ते म्हणतात. "आजच्याले कोन जामीन?"

प्रल्हादभाऊ केनवडच्या आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर आहेत आणि मी विज्ञान शिकवतो, म्हणजे कागदोपत्री मी त्यांचा साहेब. प्रत्यक्षात कोण कुणाला भितं ते विचारू नका. वय चोपन्न, अंगानं वाळलेले, आणि वरचे चार दात चांगलेच पुढे आलेले. ते झाकायला ते ओठ ओढून बोलतात, त्यामुळे "फळा पुसला" हेसुद्धा त्यांच्या तोंडून गुपित वाटतं.

दूध, विहिरीचं पाणी, बाजारातलं कलिंगड, कशालाच त्यांच्या कागदातून सूट नाही. पुतणीच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत कढीत कागद बुडवला. तो लाल झाला. कढी आंबट असते, कागद लाल होणारच, हे मी उभा राहून सगळ्यांना समजावलं. पण तोवर आजूबाजूच्या दहा माणसांनी कढीच्या वाट्या बाजूला सारल्या होत्या आणि नवऱ्यामुलाचा बाप आमच्याकडे बघत होता. "कागद लावल्याबिगर म्या नाई मानत," एवढंच प्रल्हादभाऊ म्हणाले आणि कोरडा भात खात बसले.

सगळ्यांत जास्त संशय डॉक्टरांवर. ताप आला तर अंगावर काढायचा. वत्सलावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तरी तीन वर्षं यांनी ऑपरेशन लांबवलं. आत बसवतात ते भिंग कुठून येतं, ते आधी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात होतं का, थेंबांच्या बाटलीत काय असतं, असे प्रश्न हा माणूस रोज घरी विचारायचा. ऐकून ऐकून वहिनींच्याही मनात भीती बसली. पुढे पुढे त्या डाळ निवडायच्या तेही बोटांनी चाचपून.

अशा माणसाच्या दातांवर गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, तारा दिसल्या.

स्टाफरूममध्ये चहा निवला. चोपन्नाव्या वर्षी दातांना तारा, आणि त्याही रिसोडच्या दवाखान्यात जाऊन, डॉक्टरच्या हातानं! "काहून लावल्या?" मी विचारलं. "दात वाकडे होते," प्रल्हादभाऊ म्हणाले. ते जन्मापासून वाकडे होते, हे मी बोलून दाखवलं नाही. आमचे कारकून, बाबू, मात्र रजेचा अर्ज नीट घडी करत म्हणाले, "सर, या वयात माणूस दात सरळ कोनासाठी करते, थे इचारा."

झालं. ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मी स्वभावानं संशयी नाही, असं मला तोवर वाटत होतं. पण प्रल्हादभाऊ दर महिन्याला रिसोडला जायचे ते इस्त्रीच्या शर्टात. प्रयोगशाळेतला अंतर्वक्र आरसा, जो आम्ही प्रकाशाच्या प्रयोगाला वापरतो, तो त्यांच्या टेबलावर असायचा आणि त्यात त्यांचे दात पसाभर मोठे दिसायचे. दिवाळी झाल्यावर एक दिवस त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सर, दात पांढरे करायले काय लागते? संक्रांतीच्या आत पाह्यजेत."

"संक्रांतीलाच काहून?"

"हाये काम."

डॉक्टरला विचारलं का, म्हटलं, तर विचारलं होतं. तारा निघाल्याशिवाय दात पांढरे करायचे नाहीत, असं डॉक्टरनं बजावलं होतं. प्रत्येक दातावर तार अडकवायला एक चौकोनी टिकली चिकटवलेली असते; तिच्याभोवतीचा दात पांढरा होईल, तिच्याखालचा जसाच्या तसा राहील, आणि टिकली निघाली की दातावर पिवळा चौकोन दिसेल. मला ते पटलं. प्रल्हादभाऊंना त्यात डाव दिसला. "तारा निघायले आजून वर्ष हाये. म्हंजे आजून वर्षभर मी त्याच्या दारी. आन तुमी त्याचीच बाजू घेऊन राह्यले. तुमी दोघंही एकाच पुस्तकाचे."

आठवड्याभरानं माझ्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या, म्हणजे रंग उडवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीची पातळी उतरते आहे. मी बाटलीवर पेन्सिलनं खूण केली. दुसऱ्या दिवशी पातळी खुणेच्या खाली होती. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाय न वाजवता आत शिरलो, तर प्रल्हादभाऊ आरशासमोर तोंड वासून, काडीला गुंडाळलेला कापूस दातांवर फिरवत होते. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"प्रल्हादभाऊ, हे तोंडात घालायचं औषध आहे का? तोंड जळेल तुमचं."

"पानी टाकलं हाये त्यात."

"आणि कागद लावून पाह्यला का?"

त्यांनी काडी मुठीत लपवली. जो माणूस चहाला तपासल्याशिवाय ओठ लावत नाही, त्यानं हे जहाल पाणी न तपासता दातांना लावलं होतं. माझा संशय तिथेच पक्का झाला. एवढी घाई पुरुषाला बाईसाठीच होते, आणि घरच्या बाईला तर दिसतच नव्हतं. मी बाटली कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. पण तोवर त्यांचे दात खरोखरच पांढरे झाले होते, आणि ओठ ओढून का होईना, ते मला बघून हसले, तेव्हा मला त्यांचा राग आला.

संक्रांतीला पंधरा दिवस होते. एका पोरानं शेतातली बोरं आणली. प्रल्हादभाऊंनी एक बोर दाबून रसाचा थेंब कागदावर घेतला, बोर आंबट, तेव्हा लाल चालतं, असं समाधान झाल्यावर दुसरं तोंडात टाकलं आणि चावलं. रसाची तपासणी झाली होती, आठळीची राहिली होती. कट्ट असा आवाज झाला. त्यांनी तळहातावर आठळी थुंकली, आणि तिच्यासोबत एक बारीक टिकली.

समोरचा दात. पांढऱ्या दाताच्या मधोमध पिवळा चौकोन, एवढ्याशा घराला खिडकी काढल्यासारखा.

कुणी हसलं नाही, बाबूसुद्धा नाही. प्रल्हादभाऊंनी आरशात पाहिलं, ओठ मिटले आणि घरी निघून गेले. दोन दिवस शाळेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काळजीनं गेलो असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. खरं म्हणजे चौकशीला गेलो होतो.

प्रल्हादभाऊ शेतात होते. वत्सलावहिनी अंगणात ऊन घेत डाळ निवडत होत्या. माझा आवाज ओळखून त्यांनी बसायला सांगितलं. मी इकडचं तिकडचं बोलून दातांवर आलो, तर त्या हसल्या.

"थे माह्यापायी झालं, सर. मले चाचपत डाळ निवडतांनी पाह्यलं, तं हे म्हने, आता डोळ्याचं करून टाकू. म्या म्हनलं, तीन वर्स तुमीच मले भेव घातलं, आता काहून जाऊ? तुमी सहा महिने डाक्टरच्या हाती मान देऊन दाखवा, मंग मी एक दिवस देईन. म्या तं टाळाले म्हनलं होतं. हा मानूस दुसऱ्याच दिवशी रिसोडले गेला."

"आणि पांढरे कशाला?"

"थंडीत करू म्हनलं ना डोळा. संक्रांतीच्या आतची तारीख भेटली. म्या सहज बोलली का, डोळा उघडला का पहिले तुमचे दात पाहीन." त्यांनी सुपातला खडा बोटानं शोधून बाहेर टाकला. "लग्नात पाह्यलं तवा तोंड मिटून बसले होते. तीस वर्सं झाली, मनमोकळं हासलेलं मी पाह्यलंच नाई."

मला बसवेना. चहा न घेताच उठलो आणि रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

वाशीमला त्यांच्यासोबत मीही गेलो. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी काढायला घेतली. प्रल्हादभाऊ पलंगाशी उभे होते, ओठ गच्च मिटून. शर्टाच्या खिशात लिटमसची गड्डी होती आणि नर्सच्या हातात थेंबांची बाटली. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. तो हात खिशाकडे गेलाच नाही. पलंगाचा दांडा धरून राहिला.

वहिनींनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. छत पाहिलं, खिडकी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"दाखवा."

"राहू दे. बिघडले."

"दाखवा म्हनलं ना."

त्यांनी तोंड उघडलं. तारा, पांढरे दात आणि मधला तो पिवळा चौकोन. वहिनी बराच वेळ पाहत राहिल्या. मग बोट वर करून त्यांनी नेमकं त्या चौकोनावर ठेवलं. आता चाचपायची गरज नव्हती, तरी ठेवलं.

"बाकीचे कोनाचे हायेत, मले नाई ओळखू येत," त्या म्हणाल्या. "हा एवढा माह्या मानसाचा हाये."

प्रल्हादभाऊ हसले. ओठ ओढायचं विसरून, सगळे दात दाखवत हसले, आणि नर्सला म्हणाले, "टाका बाई थेंब."

आता तारा निघायला आल्या आहेत. बाकीचे चौकोन डॉक्टर घालवून देणार आहेत, पण समोरच्या एका दाताला हात लावायचा नाही, असं प्रल्हादभाऊंनी त्यांना सांगून ठेवलंय. चहात मात्र ते अजून कागद बुडवतात.