खरात सिस्टरांच्या दाराबाहेरचं बाकडं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या खरात सिस्टर कोळी पाळतात, आणि एखाद्या कोळ्याची शेवटची कात पडायची वेळ आली की मला खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसवतात. नातेवाईक म्हणून!

सिस्टरांनी सारी नोकरी गंगापूरकडं बाळंतपणं करण्यात काढली. निवृत्तीनंतर दौलताबादच्या एका बाभळीवरून कोळ्यांचं जाळं आणलं. आताची पिढी घरातच, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत वाढलेली. नर की मादी ते शेवटच्या कातीनंतरच नक्की कळतं. नराच्या तोंडापुढचे दोन आखूड पाय टोकाला फुगतात, बॉक्सरच्या मुठींसारखे.

एकदा मी भिंग उचलून सहज विचारलं, "ह्या बाटलीत काय, मुलगा का मुलगी?"

"भाऊ, लिंगनिदान गुन्हा हाय! बाहेर बसा!"

दोन मुलींचा बाप, एका ऑफिसचा साहेब, मी निमूट बाहेर बसलो. घरी सवय आहे.

मग दार उघडायचं, बाटली उंच जायची आणि जिना दणाणायचा, "मुलगी झाली हो!" पुन्हा दार, पुन्हा बाटली, "अजून एक!" ह्या जातीत मुलीच लई, मुलगा एखादाच. आठवडाभर मी टाळ्या पिटत होतो.

अकराव्या मुलीला मला विनोद सुचला. तोंड पाडून म्हणालो, "जाऊ द्या सिस्टर, पुढच्या वेळी मुलगा होईल."

बाटली खाली आली. दार लागलं.

बायकोला सांगितलं तर ती हसली नाही. "आपल्या धाकटीच्या वेळी तुमच्या आई हेच म्हणाल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात जाऊन पेढे घेतले. दुकानदार खुलला, "मुलगा झाला वाटतं!"

"मुली. अकरा."

त्यानं मान खाली घालून बाकीचे पैसे मोजले.

शेवटची एकच बाटली उरली होती. मी न बोलावता बाकड्यावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. सिस्टरांनी बाटली छातीशी धरली होती.

"मुलगी हाय," त्या पुटपुटल्या. "वॉर्डातून बाहेर येऊन मी असंच सांगायची, भाऊ. हळूच. माझ्याच हातून काही चुकल्यागत. जोरात सांगावं असं बाहेर कुणी बसलेलंच नसायचं."

मी उठलो, पेढा पुढं केला. "दिसते कुणासारखी?"

सिस्टरांनी भिंग लावून निरखून पाहिलं.

"तुमच्यागत नाय. नशीबवान हाय पोरगी."

आणि पेढा तोंडात टाकून त्या तशाच जिन्याकडं वळल्या, "मुलगी झाली हो!"