पडद्यावर नसलेली लिफ्ट

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत लिफ्ट बंद पडायला कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती बंद पडलेली लिफ्ट लाल दिसण्याला.

आणि ती लाल दिसू लागली आलेखरावांमुळे. हे त्यांचं खरं नाव नव्हे. सहा महिने संगणकापुढे मान मोडून त्यांनी कंपनीचा डॅशबोर्ड उभा केला, तेव्हा ते त्यांना चिकटलं. त्याआधी शहरातल्या चारशे बारा लिफ्टची खबर हेडमेकॅनिकच्या, म्हणजे उस्तादांच्या, तेलकट वहीत असायची. आता ती बैठकीच्या खोलीतल्या भिंतभर पडद्यावर आली. प्रत्येक लिफ्टचा एक ठिपका. चालू ती हिरवी, बंद ती लाल. पहिल्याच दिवशी एकसष्ट लाल ठिपके उमटले आणि साहेबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"हे लाल कशाला घातलंय?"

"त्या बंद आहेत, साहेब."

"ते दिसतंय मला. सोमवारी संचालक मंडळ येतंय, त्यांनाही दिसेल. काहीतरी करा."

काहीतरी करा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करा, असा अर्थ काढण्याइतके आलेखराव नवखे नव्हते. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातला फिल्टर दाखवला. "ज्या लिफ्ट बघायच्या नसतील त्यांच्यापुढची टिक काढायची, साहेब. आकडे, टक्के, आलेख, सगळं आपोआप बदलतं." सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता, कारण एकट्या त्या फिल्टरला तीन आठवडे लागले होते.

साहेबांना खेळणंच सापडलं. आधी वीस वर्षांपूर्वीच्या लिफ्ट गेल्या. वय झालं की थकवा यायचाच, त्याला बिघाड म्हणू नये, असं त्यांचं मत पडलं. मग ज्या इमारतींतून वारंवार तक्रारी येतात त्या गेल्या, कारण भांडखोर लोकांमुळे सरासरी बिघडते. शेवटी चार मजल्यांच्या आतल्या गेल्या. "तेवढं माणसाने चढावंच. तब्येतीला बरं असतं," असं साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले. एकशे एकोणचाळीस लिफ्ट उरल्या आणि पडदा हिरवागार झाला. सोमवारी मंडळाने टाळ्या वाजवल्या. आलेखरावांना मधेच खाकरावंसं वाटलं होतं, पण त्यांच्या बढतीचा विषय चालू होता, म्हणून त्यांनी ते गिळून टाकलं.

पुढे ओघानेच एक आदेश निघाला. मेकॅनिकांच्या फेऱ्या यापुढे डॅशबोर्डवरूनच ठरतील आणि पडद्यावर नसलेल्या लिफ्टकडे जाणे ही कामावरील अनधिकृत गैरहजेरी समजली जाईल. फिल्टर बदलण्याचा अधिकार फक्त साहेबांकडे असेल, हे कलम तर आलेखरावांनीच सुचवलं. उगाच कोणी चाळा केला आणि हिरवळ बिघडली तर जबाबदार कोण? उस्तादांनी आदेश वाचला, सही केली आणि वही खिशात घातली.

दहा-बारा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास आलेखरावांना बहिणीचा फोन आला.

"दादा, आई लिफ्टमध्ये अडकलीय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आतला पंखा बंद आहे. तिला धाप लागलीय आणि तिचा दम्याचा पंप वर घरात राहिलाय."

आलेखरावांनी तक्रार कक्षाला फोन लावला आणि इमारतीचं नाव सांगितलं.

"सॉरी सर, अशी लिफ्ट आपल्याकडे नाही," पलीकडची मुलगी म्हणाली.

"अगं, आहे. मी आलेखराव बोलतोय."

"आवाज ओळखला, सर. तुमच्याच डॅशबोर्डवर बघून सांगतेय."

"मग फिल्टर काढ."

"तो साहेबांनाच काढता येतो. तुम्हीच नाही का तसं करून घेतलंत?"

साहेब मंडळासोबत बसले होते. दार किलकिलं करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, आत्ता फिल्टर काढला तर दोनशे त्र्याहत्तर लिफ्ट अंगावर येतील. अर्धा तास कळ काढा. आईंना म्हणावं, शांत बसा." आणि दार लागलं.

शेवटी आलेखराव धावत उस्तादांकडे गेले आणि इमारतीचं नाव सांगितलं. "तीन मजली, जिन्यालगतची ना?" उस्ताद वही न उघडताच म्हणाले. "महिनाभर तिचा ब्रेक कुरकुरतोय." नियम मोडायला नको म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि पाने घेऊन आलेखरावांबरोबर निघाले. वीस मिनिटांनी आईला बाहेर काढलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. पंप ओढल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटला.

"कसली रे माणसं ही? लिफ्टकडे कुणी ढुंकून बघत नाही."

"हो ना," आलेखराव म्हणाले. स्वतःची लाज वाटून त्यांना तिच्याकडे बघवेना, पण म्हणाले ते हेच.

उस्तादांनी संकोचत आपला फोन पुढे केला. "महिन्याला वीस अभिप्राय लागतात, नाहीतर मला लाल करतात. तुमची लिफ्ट यादीत नाही, म्हणून दुसरीच एक टाकलीय. तेवढं दाबून देता?"

"दे रे बाबा पाच," आई म्हणाली. "देवासारखा धावून आला हा माणूस."

आलेखरावांनी पाच स्टार दिले. तिकडे मंडळापुढच्या पडद्यावर ग्राहकांचं समाधान अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या जरासं वर सरकलं आणि साहेबांनी त्या आकड्याकडे बोट दाखवलं.

हे असले टक्के येतात तरी कुठून, असं म्हणून हसणाऱ्यांनी कृपया आपला फोन काढावा. परवा तुम्हालाही कुणीतरी विचारलं होतं, आमची सेवा कशी वाटली. नळ अजून गळत होता, दारात उभा असलेला माणूस ओशाळून हसत होता आणि तुम्ही घाईत होतात. किती दिलेत?