मनोहरकाकांची टेप

आमच्या नालवाडीत मनोहर टेलरसमोर पाय लपवून बसणं हा एकच गुन्हा होता. माणूस भेटला की रामराम नाही, चहापाणी नाही; गळ्यातली टेप सर्रकन खाली यायची आणि हुकूम सुटायचा, "पाय दाखव." आधी डावी पोटरी, मग उजवी. मग डोळे मिटून न्यायाधीशासारखा निकाल, "सारख्या हायेत. जाय."

टेप गळ्यातून उतरलेली कुणी पाहिली नाही. आंघोळीलाही ती असायची. पहिल्या दहा इंचांचे आकडे साबणानं पुसून गेले होते, ते काका अंदाजानं म्हणायचे. एकदा वरात थांबवून त्यांनी नवरदेवाच्या पोटऱ्या मोजल्या. घोड्याच्याही मोजल्या असत्या, पण चार पायांत कोणता कोणाशी ताडायचा, यावर बँडवाल्यांशी वाद झाला. एका मयतीत तर तिरडीवरची चादर सारून दोन्ही पाय मोजले आणि पुटपुटले, "हा कशानं गेला ते मले समजलं." मयताच्या मुलानं बखोट धरून बाहेर काढलं.

मी शेजारी, म्हणून माझी रोज हजेरी. "काका, कालच मोजली ना!"

"काल तू जित्ता होता. आज हायेस का ते पाहून राह्यलो."

आम्ही पोट धरून हसायचो. काकू जाऊन कैक वर्षं झालेली. एकच लेक, पुष्पा, आंजी गावी दिलेली. एकटा माणूस, चळला असेल, असं साऱ्या गल्लीचं मत.

या पुष्पाच्या खुब्याचा गोळा तिशीतच सुकला. चार पावलं टाकली की ती भिंत शोधायची. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलावा लागेल. ते ऐकून काकांनी दोन दिवस अन्न टाकलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे. "दवाखान्यात तू संग चाल. माह्या तोंडून निघालं नाई, तं चिमटा घेजो." काय निघायचं होतं, ते मात्र सांगितलं नाही.

तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई. पुष्पाच्या मागे तिची सासू, पदर खोचून उभी. बाईंनी विचारलं, "माहेरी कुणाला रक्ताची गाठ झाली होती? पायात, छातीत? कुणी अचानक गेलं?"

उत्तर सासूनंच दिलं. "नाई जी. हिची आजी साप चावून गेली, अन् चुलता स्कूटरवरून पडून. सोयरिकीच्या वेळेसच विचारलंतं आम्ही."

मी चिमट्यासाठी हात पुढे केला. गरज पडली नाही.

"साप नव्हता," मनोहरकाका म्हणाले. "माह्या भावाच्या, वसंताच्या वेळेस बाळंतपणात मायचा एक पाय भोपळ्यावाणी सुजला. आठव्या दिवशी छातीवर हात ठेवून गेली. त्या पोराले म्या वाढवलं. त्याचाही खुबा बदलला होता, नागपुरात. सहाव्या दिवशी म्हणे, दादा, एक पोटरी लई दुखून राह्यली. म्या म्हटलं, काऊन नखरे करतं बे? तो संडासाले म्हणून उठला, अन् दारातच पडला." काकांनी टेप दोन्ही मुठींत धरली. "हे गळ्यात होतं जी माह्या. तरी नाई मोजली."

खोलीतला पंखा थांबला. वीज गेली होती म्हणतात. मी म्हणतो, तो ऐकायला थांबला.

"दोघांच्याही पायात रक्ताची गाठ झाली असणार; ती झाली की एकच पोटरी सुजते. हे रक्तातून उतरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिलाही असू शकतं. पुष्पा, पाळी लांबवायच्या, नाहीतर दिवस न राहायच्या गोळ्या घेतेस का?"

पुष्पाची मान खाली. आमच्याकडे बाप असताना लेक पाळीचा शब्द काढत नाही, आणि बाप तर उठून अंगणात जातो. काका उलट तिच्या पायाशी जमिनीवर बसले. "वार्डात पाळी येईन म्हणून घेऊन राह्यली का, माय? सांग. बापाची लाज मंग करजो."

पुष्पानं पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. अर्धं रिकामं. सासूनंच आणून दिलेलं.

"घराण्यात असं रक्त, त्यात बाईच्या ह्या गोळ्या, आणि वर सांध्याचं ऑपरेशन," बाई म्हणाल्या. "आज हे कळलं नसतं तर?"

ऑपरेशन पुढे ढकललं. गोळ्या बंद, रक्ताच्या तपासण्या, मग ऑपरेशन आणि नंतर रक्त गोठू नये म्हणून पोटात रोज सुई. काका तिन्ही त्रिकाळ टेप लावायचे. सहाव्या दिवशी तर त्यांनी तिच्या पोटऱ्या इतक्या वेळा मोजल्या, की नर्सबाई म्हणाल्या, "काका, झिजतीन त्या!" पुष्पा वाचली. वॉकर धरून का होईना, चालत घरी निघाली.

निघताना सासू काकांजवळ आली. "खोटं सांगून पोरगी देल्ली तुमी. आता माह्या नातींची सोयरीक कोण करीन? आमच्या उंबऱ्यावर पाय नका ठेवू."

"नाई ठेवत," काका म्हणाले. हात जोडून.

त्यानंतर दर आठवड्याला एक दिवस ते गल्लीतून गायब व्हायचे. एकदा मीही मागे लागलो. आंजीला एसटी थांबली, कंडक्टर चहाला उतरला. थांब्यावरच्या बाकापाशी पुष्पा उभी, दोन्ही मुली संग. तिनं लुगडं वीतभर उचललं. काका धुळीत गुडघे टेकून बसले. मग मुलींचा नंबर. धाकटी तर आपणहूनच पाय पुढे करून उभी. येणारे-जाणारे हसत होते, मी नालवाडीत हसायचो तसेच.

"सारख्या," काका तीनदा म्हणाले. हॉर्न वाजला. त्याच गाडीनं आम्ही परत.

वाटेत मी त्यांच्या गळ्यातली टेप हळूच ओढली. "काका, पाय दाखवा."

त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले.

"माहा कायले? वसंताचा मोजाचा राह्यला ना बे."